न उलटलेली बाजू

शेवटचं काय खाल्लं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी वरणभात म्हटलं. इतकं सहज म्हटलं की क्षणभर माझं मलाच ते खरं वाटलं. पिवळं वरण, वर पिळलेलं लिंबू, ताटलीच्या कडेला राहिलेली चार शितं. पलंगाच्या एका बाजूला माझा नवरा क्लिफर्ड उभा होता, ऑफिसची बॅग अजून खांद्याला. दुसऱ्या बाजूला माझा भाऊ सॅन्टन, गासहून स्कूटरवर आहे तसा निघून आलेला, पायांना वाडीतली माती. दोघांच्या मध्ये मी, गुडघे पोटाशी ओढून. डॉक्टर विनितांनी ‘वरणभात’ लिहून घेतलं. तो शब्द कागदावर उतरला आणि त्यानंतर मला तो खोडता येईना. पोटात एक कळ उठली, वर चढली, बरगडीपाशी पोचून थांबली आणि पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसली. रोज त्याच थांब्यावर येऊन उभी राहणारी बाई असावी तशी.

सोमवारची दुपार होती ती. पावसाळा नुकताच सरलेला, ऑक्टोबरचं ऊन वॉर्डाच्या हिरव्या पडद्यांतून गाळून येत होतं आणि सगळ्यांचे चेहरे कच्च्या फळासारखे दिसत होते. माझ्या नाकातून एक नळी पोटापर्यंत घातली. घालताना स्वप्ना सिस्टर म्हणत होती, “गिळा ताई, गिळा, गिळत राहा,” आणि मला वाटलं, गिळल्यामुळंच तर आले ना गं मी इथे. नळीतून हिरवं पाणी पिशवीत उतरू लागलं. पोटाचे एक्स-रे फोटो काढले. डॉक्टर विनितांनी पलंगाच्या कडेला बसून समजावलं. बोलताना त्या माझ्या पायावर हात ठेवून बोलल्या, ते मला आवडलं. “मे महिन्यात सिझेरियन झालंय ना? त्याच्यानंतर कधीकधी आत एखादा पट्टा धरतो. दोऱ्यासारखा. आतडं त्याच्याखाली अडकतं. त्या जागेच्या अलीकडे अन्न साचलेलं दिसतंय, ते अशा वेळी साचतंच. पुष्कळदा पोटाला विश्रांती दिली की आपोआप सुटतं. अठ्ठेचाळीस तास बघू. नाहीच सुटलं तर दुर्बिणीतून जाऊन सोडवू. तीन छोटी भोकं, बस. पोट फाडायचं नाही.” सॅन्टननं विचारलं, “थांबण्यात काही धोका नाही ना, डॉक्टर?” त्या म्हणाल्या, “नुसता पट्टा असेल तर आपल्याकडे वेळ आहे. तासातासाला बघतोय आम्ही.” नुसता पट्टा असेल तर. ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं, पण त्यातला ‘नुसता’ मी एकटीनंच ऐकला.

आमची आय सुकेळी करायची. आईला आम्ही घरात आय म्हणायचो. वाडीतली राजेळी केळी पिकली की सोलून बांबूच्या माचावर उन्हात मांडायची, संध्याकाळी उचलून केळीच्याच वाळक्या पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. दिवसातून दोनदा प्रत्येक केळं उलटायचं. आठ-दहा दिवसांत जाड गोरं केळं आकसून बोटाएवढं होतं, मधाच्या रंगाचं, चामट, आणि त्याला धुराचा नि जुन्या कपाटाचा वास लागतो. हे सगळं आय एकटीनं करायची, मला हात लावू द्यायची नाही. “तुझ्या हाताला घाई आहे,” म्हणायची. खाण्याचाही नियम होता तिचा. सुकेळं तोंडात घेतलं की मनात दहा नमो मरिया म्हणायच्या, रोझरीतला एक दहाचा पुरा व्हायच्या आत गिळायचं नाही. लहानपणी सॅन्टन आणि मी ओट्यावर बसून जबडे हलवत राहायचो आणि ती समोर उभी राहून आमच्या गळ्यांकडे पाहायची. “इझाबेल, सहा झाल्या तुझ्या. गिळलंस तू.” कसं कळायचं तिला, देव जाणे. शेवटच्या वर्षी तिचे सगळे दात गेले होते, कवळी तिला रुचली नाही. मग ती सुकेळ्याचा तुकडा हिरड्यांत धरून इकडून तिकडे फिरवत बसायची. खालचा जबडा थोडा डावीकडे जायचा, थांबायचा, मग परत यायचा. त्या तालाकडे बघत मी तिच्या मांडीशी झोपून जायचे, पोटात टिफनी लाथा मारत असायची.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती माचाशेजारीच गेली. उलटायला गेली होती, उलटायच्या आधीच बसली आणि मग आडवी झाली. मला आठवा सरला होता. पोटुशीनं मयताचं तोंड बघू नये म्हणून मला कुणी नेलं नाही. फादर म्हणाले होते की असं काही नसतं, पण क्लिफर्डची मम्मी म्हणाली, “फादरना काय मुलं व्हायचीयेत?” आणि मी आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी बसून राहिले. गास इथून कितीसं लांब? रेल्वेच्या पलीकडे उतरलं की आलंच. चर्चची घंटा ऐकू येईल असं मला वाटत होतं. आली नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी चटणी वाटत होतं, मिक्सर थांबायचा नि पुन्हा चालू व्हायचा. मिक्सर थांबला की मी कान द्यायचे. अशी ती गेली. मी तिला गेलेलं पाहिलं नाही, त्यामुळं माझ्यापुरती ती कुठंतरी बसलेलीच राहिली, उलटायला जाण्याच्या बेतात.

तो माच सॅन्टननं दुसऱ्या दिवशी आवरला. पुष्कळशी सुकेळी कावळ्यांनी नेली होती. सात राहिली. उलटायची राहून गेल्यामुळं ती सातही एका बाजूनं काळी पडली होती. सॅन्टननं ती पानात बांधून बिस्किटाच्या डब्यात घातली आणि टिफनीच्या बाप्तिस्म्याला येताना माझ्याकडे आणून दिली, कारण त्याच्या फ्रीजचा काही भरवसा नव्हता. “दोन नोव्हेंबरला उघडू,” तो म्हणाला. मृतांच्या दिवशी सगळे दफनभूमीत जातात, थडग्यांवर फुलं नि मेणबत्त्या लावतात. “फादरांचा आशीर्वाद झाला की तिथंच सगळ्यांनी एकेक खाऊ. आयच्या हातचं शेवटचं.” आमच्यात अशी काही रीत नाही, ही त्याची त्यानंच काढलेली. त्याची बायको ज्युली हसली, “थडग्यापाशी पार्टी?” पण तिचेही डोळे भरले होते. डबा मी फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला, दह्याच्या पातेल्याआड. आधी फक्त वास घ्यायचे. टिफनी दूध पिऊन झोपली, की उघडायचा, नाक घालायचं, लावायचा. बाळाच्या आईला दिवसात स्वतःची म्हणून जी दहा-बारा मिनिटं सापडतात ती मी त्या डब्यात घालवत होते. मग एक दिवस एकाचं टोक चाखलं. मग पुढच्या रविवारी टिफनी कडेवर, सकाळपासून किरकिरलेली, क्लिफर्ड अंघोळीला, मम्मी चर्चला मिस्साला गेलेली, आणि मी ओट्याशी उभी राहून डाव्या हातानं एक संपवलं, दुसरं संपवलं. चावलं कुठं? नमो मरिया कुठली? पोर रडत होती, मी तिला झुलवत होते, घास पुढं ढकलत होते. तिसरं तोंडात घातलं आणि बेल वाजली. जाळीतून सॅन्टनचा आवाज आला, “इझा, वांगी आणलीयत गं, उघड.” मी ते तसंच गिळलं. अख्खं. घशातून उतरताना ते मला इंच इंच कळलं. दार उघडून मी हसले. तो म्हणाला, “काय गं, डोळ्यांत पाणी?” मी म्हटलं, “कांदा.”

शेजारच्या खाटेवर चांदीपची एक म्हातारी मावशी होती, पायाच्या जखमेसाठी आलेली. तिचा मुलगा डबा देऊन निघून जायचा आणि मग ती दिवसभर वॉर्डातल्या माणसांकडे टीव्ही बघावा तशी बघत राहायची. मंगळवारी सकाळी तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी कुशीवर होते, दोन्ही हात पोटावर. “पोटाशी हाय का गं पोरी?” मी नळीमुळं नाकात बोलले, “नाही मावशी. पाच महिन्यांची मुलगी आहे मला. घरी आहे.” तिनं मान हलवली. पुन्हा पाहिलं. “मंग ह्यो कोन?” मी हात काढून घेतले. सिस्टर हसली, “अहो मावशी, गॅस आहे तो.” मावशी हसली नाही. “पानी दे तिला थोडं. त्याला तान लागलीय.” मला तोंडानं पाण्याचा थेंब द्यायचा नव्हता, फलक लावला होता खाटेवर. पण त्या क्षणी मला उमगलं की मावशी म्हणते ते बरोबर आहे, तहान मला नव्हती. ओठ सुकले होते, जीभ टाळूला चिकटत होती, पण तहान खाली होती, बेंबीच्या उजव्या अंगाला, एका जागी. सुकेळं पाण्यात टाकलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. दात गेल्यावर आय तिचं स्वतःचं सुकेळं वाटीत भिजत घालायची. सकाळी वाटीत केळं असायचं. फुगलेलं, गुळगुळीत, जवळजवळ परत गोरं झालेलं, वर काही घडलंच नाही अशा थाटात पडलेलं. लहानपणी त्या वाटीची मला भीती वाटायची. जे वाळून गेलं ते पुन्हा असं कसं भरून येतं? आता वाटी मीच होते. हाताच्या शिरेतून सलाइन उतरत होतं, आणि ते तिघं आतमध्ये, काळी बाजू खाली करून, शांतपणे पीत होते.

दुपारी मम्मीनं व्हिडिओ कॉल लावला. टिफनीचा गाल अख्ख्या स्क्रीनभर, मग कान, मग छतावरचा पंखा. “बाटली घेत नाहीये गं, वाटीचमच्यानं पाजते. तू काळजी करू नकोस,” मम्मी म्हणाली, आणि तिच्या आवाजातच काळजी होती. टिफनी रडली की माझी छाती दगडासारखी व्हायची, गाऊन ओला व्हायचा. गेल्या पाच महिन्यांत हे माझ्या परवानगीशिवाय होत आलेलं. त्या दुपारी ती रडली आणि काही झालं नाही. मी वाट पाहिली. गाऊनवर हात फिरवला. कोरडा. सिस्टर म्हणाली, “अंगातलं पाणी कमी झालं की होतं तसं, येईल परत.” मी मान हलवली, पण मनात हिशेब लागला होता. दूधसुद्धा तेच पीत होते. माझ्या पोटात दुसऱ्यांदा काहीतरी वाढत होतं आणि ते पहिलीच्या तोंडचं काढून घेत होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. सिस्टर हाताच्या अंतरावर होती. पण सांगायचं म्हणजे काय? मी आयला चोरून खाल्लं, असंच वाक्य माझ्या तोंडाशी येत होतं. सुकेळी खाल्ली असं येतच नव्हतं.

आणि मग कळ थांबली. साडेचारच्या सुमाराला असेल, चहाची ट्रॉली वाजत होती. त्या रोजच्या बाईनं आज यायचंच नाही असं ठरवावं तशी कळ आली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दोन दिवस पोटात नळाला हवा धरल्यासारखे आवाज होत होते, खण्ण, टुण्ण, तेही बंद झाले. क्लिफर्ड आला तेव्हा मी उताणी, पाय लांब करून पडले होते. “अरे वा! बरं वाटतंय?” त्यानं कपाळाला हात लावला, घाईघाईनं सगळ्यांना फोन केले. “दुखायचं थांबलं. हो, हो. प्रार्थना करा.” मी त्याच्याकडे बघत होते आणि त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे. पडद्यापलीकडे ऊन उतरत होतं. धुराचा वास आला, वाळक्या पानांचा, जुन्या कपाटाचा. स्पिरिट आणि फिनेलच्या वासाला बाजूला सारून आला आणि माझ्या उशाशी बसला. “कुठं काही जळतंय का?” मी विचारलं. क्लिफर्ड म्हणाला, “नाही गं.” मावशी मात्र नाक वर करून बसली होती. पोट इतकं गप्प होतं की ते ऐकू येत होतं. घर गप्प होतं तसं, आत माणूस उभं असताना. मला वाटलं, आता ती उलटायला येईल. संध्याकाळ झाली की यायचीच. हात लावून बघेल, कोणती बाजू वर आहे. आणि मी, जिला तिचं तोंड बघू दिलं नव्हतं, ती मी डोळे गच्च मिटून पडून राहिले, कारण आता ते मला बघायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी डॉक्टर विनिता आल्या. स्टेथोस्कोप पोटावर ठेवला, हलवला, ठेवला. बराच वेळ. रक्ताचे रिपोर्ट पाहिले. “दुखणं थांबलंय म्हणता?” त्यांच्या कपाळावर आठी होती, पण आवाज संथ होता. “नळीतून येणं काही कमी झालेलं नाही. आवाज नाहीत. ताप किंचित. हं. दुपारी परत फोटो काढू आणि मग ठरवू.” क्लिफर्ड ‘थँक यू डॉक्टर’ म्हणाला. सॅन्टन पायथ्याशी उभा होता, हातात टिफनीसाठी आणलेली कापडी बाहुली, जी तो घरी द्यायची विसरून इथवर घेऊन आला होता. डॉक्टर जायला वळल्या. पडद्याला हात लावला. मी म्हटलं, “डॉक्टर, वरणभात नव्हता.” त्या थांबल्या. “सुकेळी होती. तीन. रविवारी. न चावता गिळली.” मग त्या परत आल्या आणि सोमवारसारखाच पायावर हात ठेवून बसल्या. “सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी ना? पाण्यात टाकल्यावर काय होतं त्यांचं?” मला विचारलं होतं, पण उत्तर सॅन्टननं दिलं, वाडीवाल्याच्या आवाजात, नवीन गिऱ्हाईकाला सांगावं तसं. “फुगतात. दुप्पट, अडीचपट. पण मऊ होतात हां डॉक्टर, बोटानं दाबली तर—” आणि तिथं तो अडखळला. मला दिसलं ते. त्याच्या चेहऱ्यावरून ती गोष्ट चालत गेली. डबा, पान, दह्याचं पातेलं, जाळीचं दार, कांदा. “कुठली सुकेळी?” त्यानं विचारलं. ऑक्टोबरात कुणाकडेच सुकेळी नसतात. “ती,” मी म्हटलं. तो खिडकीकडे गेला. पाठमोराच म्हणाला, “चोरटी.” लहानपणी म्हणायचा अगदी त्याच आवाजात. मग म्हणाला, “मेलीस तर ना, आयला काय तोंड दाखवू मी?” आणि बाहुलीनं डोळे पुसले. डॉक्टर विनिता तोपर्यंत उठल्याही होत्या. “सिस्टर, ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगा. आत्ता.” जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत.” रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढचं मला ठाऊक नाही आणि ठाऊकही आहे, कारण त्यांनी दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनचं चित्रण मला दिलं. मागितलं म्हणून दिलं. टिफनी दुपारची झोपली की मी आवाज बारीक करून बघते. हे लिहितेय तेही त्याच वेळात, एक कान पाळण्याकडे ठेवून. आधी काळोख. मग बेंबीतून दिवा आत शिरतो आणि एक ओली गुलाबी खोली उजळते. इतकी प्रशस्त, इतकी नीटनेटकी, की ही माझ्या आत होती आणि मला कुणी सांगितलं नाही याचं वाईट वाटतं. खालच्या भिंतीला आतून एक पांढरी रेघ दिसते. टिफनी तिथून बाहेर काढली. त्या रेघेपासून एक पट्टा निघालाय, जिलेटिनच्या पतंगासारखा पारदर्शक नि चिवट, आणि त्याच्याखाली वेटोळं दबलंय. दोन लांब चिमटे येतात. हातापुढे हात, हातापुढे हात, ते आतडं उचलत पुढं पुढं सरकतात, घाई नसलेल्या बाईसारखे. कात्री येते, पट्टा तुटतो, नुसता ‘टक्’ व्हावं तसा, पण आवाज नाही. वेटोळं मोकळं होतं आणि आत तीन उंचवटे स्पष्ट दिसतात, एकामागे एक. मग डॉक्टर ते वेटोळं उलटतात. मागची बाजू काळी आहे.

मी इथं दरवेळी चित्र थांबवते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून “आय” असं निघालं आणि पाळण्यात टिफनी दचकली. ते काळं नेमकं तसंच आहे. एका बाजूनं, कडेला जांभळट, मधे गच्च. पडद्याबाहेरून डॉक्टर विनितांचा आवाज येतो, “गरम पाण्याचा गॉज द्या. थांबूया. रंग येतोय का बघू. नाही आला तर एवढा भाग काढावा लागेल.” ओला पांढरा कपडा त्यावर पांघरला जातो. आणि मग काही होत नाही. सात मिनिटं. चिमटे स्थिर. कुणीतरी खोकतं, कुणीतरी विचारतं सकाळी भरतीमुळं पूल बंद होता का. सात मिनिटं माझ्या पोटात कपड्याखाली एक गोष्ट ठरत होती आणि मी तिथं नव्हते. कपडा उचलतात. काळं कमी झालंय. कडेनं लाल होत होत, मधे गडद तांबडं. जिवंत. डॉक्टर विनिता श्वास सोडतात, तो ऐकू येतो. “मऊ आहेत ती, त्या भावानं सांगितलं तशी. आतडं उघडायला नको. दाबून पुढं नेऊ.” चिमट्यांची तोंडं मिटवून त्या बाहेरूनच पहिला उंचवटा हळूहळू दाबतात, चिरडतात, पुढं सरकवतात, मग दुसरा, मग तिसरा. आणि चित्र संपायच्या जरा आधी, दिवा मागं सरताना, ते वेटोळं आपणहून हलतं. एक लाट येते, थांबते, परत येते. मी न चावलेलं ते चावत होतं.

नंतरचे दोन दिवस सगळ्यांना एकच प्रश्न. सिस्टर, वॉर्डबॉय, क्लिफर्ड, फोनवरून मम्मी, ज्युली, “वारा सरला का?” रोज टिफनीला खांद्यावर टाकून तिची पाठ थोपटत मी ज्याची वाट बघायचे त्याची आता अख्खं खानदान माझ्यासाठी बघत होतं. शुक्रवारी सकाळी सरला. चांदीपच्या मावशीनं पदर तोंडाला लावला, “गेला गं बाय. बोलला.” मग थोड्या वेळानं मी भिंत धरत धरत संडासात गेले. त्याबद्दल लिहू नये असं म्हणतात, पण मी आई आहे, गेले पाच महिने माझा दिवस त्याच रंगांवरून ठरतो. झाल्यावर उठले, साखळीला हात लावला आणि ओढवेना. ती तिथं होती. आयच्या हातचं शेवटचं, उन्हात मांडलेलं, तिनं उलटायच्या आधीच सोडून दिलेलं, माझ्या अंगातून पार होऊन आलेलं. मला कुणी मातीला नेलं नव्हतं, मूठभर माती टाकू दिली नव्हती. बाहेरून स्वप्ना सिस्टर म्हणाली, “ताई? झालं का?” मी म्हटलं, “एक मिनिट.” कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, क्रूस केला. “झालं,” म्हटलं, आणि साखळी ओढली. बाहेर क्लिफर्डनं टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी छाती भरून आली.

दोन नोव्हेंबरला आम्ही सगळे गासला गेलो. चर्चमागची दफनभूमी झेंडूनं पिवळी झाली होती, उन्हात मेणबत्त्यांच्या ज्योती दिसत नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती. आयच्या दगडावर तिचं नाव होतं. मी ते पहिल्यांदाच वाचत होते. फादर पाणी शिंपडून पुढच्या थडग्याकडे गेले आणि सॅन्टननं डबा काढला. चार. त्यानं मोजल्यासारखं केलं नाही, ज्युलीनंही नाही. चाकूनं त्यानं तुकडे केले, सगळ्यांना दिले. माझ्यापुढं धरला तेव्हा मी हात मागं घेतला. “माझं झालंय खाऊन.” “खा,” तो म्हणाला, “पण आमच्यासमोर. आणि दहा म्हण. मी मोजणार आहे.” क्लिफर्ड म्हणाला, “अरे, डॉक्टरनी—” “डॉक्टरनी चावून खा म्हटलंय. आय वेगळं काय म्हणायची?” नखाएवढा तुकडा मी जिभेवर ठेवला. टिफनी माझ्या मांडीवर, तोंड माझ्याकडे. एक. धूर, पान, कपाट. दोन. सॅन्टन माझ्या गळ्याकडे बघत होता. तीन, चार. मग मला दिसलं की टिफनीही माझ्याकडे बघतेय, माझ्या डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे; आणि तिचा खालचा जबडा हलतोय. थोडा डावीकडे गेला, थांबला, परत आला. तिला अजून एकही दात नाही. तिच्या तोंडात काही नव्हतं. मी माझं चावणं थांबवलं. तिनं नाही थांबवलं. डावीकडे, थांबून, परत. हिरड्यांत काहीतरी धरून इकडून तिकडे फिरवावं तसं. सॅन्टनचं मोजणं ओठांतल्या ओठांत चालू होतं, आठ, नऊ. ज्युलीनं त्याचा हात धरला, तो थांबला, त्यालाही दिसलं. कुणीच दहा म्हटलं नाही.

टिफनीनं एकदाच, शांतपणे, गिळलं. मग ती माझ्या गळ्याकडे पाहू लागली, मी गिळायची वाट बघत.